वेशीपर्यंतचा पाहुणा

गाडी माझ्यासमोरून निघून गेली, बरीच पुढे जाऊन थांबली आणि तशीच उलटी मागे यायला लागली.

हे मला आवडलं नाही. ज्याला थांबायचं असतं तो जागच्या जागी थांबतो. पुढे जाऊन मागे येतो, तेव्हा आतल्या माणसांची तुमच्याबद्दल काहीतरी चर्चा झालेली असते. लिफ्ट मागत फिरायला लागून मला तेव्हा दुसरं वर्ष होतं. तुर्कस्तान, जॉर्जिया, कझाकस्तान असं करत मी किरगिझस्तानात पोचलो होतो आणि एवढं शहाणपण मला आलं होतं. पण नको म्हणायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि तिथेच माझं घोडं पेंड खातं.

लोकांना वाटतं, असला मुखदुर्बळ माणूस लिफ्ट मागत जगभर कसा फिरला असेल? खरं तर उलट आहे. बस स्टँडवर दहा जणांना विचारावं लागतं, हॉटेलात भाव करावा लागतो. लिफ्टला नुसता हात पुढे करायचा. त्या देशात अंगठा दाखवत नाहीत. पंजा जमिनीकडे करून खालच्या खाली हलवायचा, कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखा. गाडी थांबली की गावाचं नाव सांगायचं, बसायचं. 'भीड भिकेची बहीण' असं आई मला लहानपणापासून ऐकवत आली. मी त्या बहिणीला बरोबर घेऊनच बार्शीहून निघालो होतो.

बालिकची नावाच्या गावाबाहेर मी उभा होतो. सप्टेंबर संपत आला होता, हवेत चांगलाच गारठा होता. रस्त्याच्या कडेला बायका धुरी दिलेले मासे दोरीला टांगून विकत होत्या आणि मी त्यातलं काही घेत नाही म्हणून माझ्याकडे रागाने बघत होत्या. जुनी जर्मन गाडी मागे येत येत माझ्याजवळ थांबली. चालवणारा पन्नाशीचा, रुंद तोंडाचा माणूस होता. शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली बाई. मागच्या सीटवर एक जण काचेला डोकं टेकून बसला होता.

"कुठे?" चालवणाऱ्याने रशियनमध्ये विचारलं.

"कोचकोर."

"बस. मागे बस, माझ्या भावाशेजारी."

मला रशियन येत होतं. पुण्यात नोकरी करताना मी संध्याकाळचा वर्ग लावला होता, मुख्यतः त्या वर्गात फार कोणी यायचं नाही म्हणून. मी बसलो. माझ्या बाजूचं दार बाहेरून बाईने उतरून लावलं, कारण आतला खटका तुटलेला होता, ते आतून ना लागायचं ना उघडायचं. हेही मला आवडलं नाही.

चालवणारा मुकाश. ती बाई त्याची बहीण सायरा. तिला सगळे सायरा एजे म्हणत होते, आपण ताई म्हणतो तसं. मागे बसलेला तालाय हा दोघांच्या पाठचा. तो त्याच दिवशी सकाळी मॉस्कोहून विमानाने आला होता आणि भावंडं त्याला विमानतळावरून गावी नेत होती. पाहुण्याला कळावं म्हणून ती आपसातही रशियनच बोलत होती. त्याच्या बोटांच्या पेरांत चुना बसला होता. तिकडे तो इमारतींवर गिलावा करायचा.

"तू कुठला?" मुकाशने विचारलं.

"भारत."

मुकाशने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने खिडकीबाहेर पाहिलं. तालाय मात्र काचेवरचं डोकं उचलून ताठ बसला.

"भारत? दिल्लीचा?"

"नाही, दिल्लीपासून बराच लांब."

"पण दिल्ली माहीत आहे?"

"माहीत आहे," मी म्हणालो. एकदा व्हिसासाठी गेलो होतो आणि दोन दिवस लॉजच्या खोलीतून बाहेर पडलो नव्हतो, एवढीच माझी दिल्ली.

"बाइके, ऐकलंस?" तो पुढे वाकून थोरल्या भावाला म्हणाला. बाइके म्हणजे दादा. "भारतातला आहे! रस्त्यावर उभा होता!" मग माझ्याकडे वळला. "माझा मुलगा आजारी आहे. बेक्तुर. सोळा वर्षांचा. दोन्ही किडन्या गेल्या त्याच्या. आमच्या खालच्या गावची एक बाई दिल्लीला गेली होती. बहिणीने किडनी दिली. आता परत गाई सांभाळते, घोड्यावर बसते. मी देणार आहे माझी. जुळते. तपासून घेतलंय मी तिकडे." त्याने स्वतःच्या कुशीवर थापटलं. "दारू सोडली, सिगारेट सोडली. चांगली ठेवलीय त्याच्यासाठी."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी वाकबगार आहे.

"या हिवाळ्यात जायचं ठरलं होतं. काल भावाचा फोन आला. म्हणाला, जरा जास्त आहे, ये. आलो. आता थांबायचं नाही, सरळ घेऊनच जायचं. तू मदत करशील? मला तिथली भाषा येत नाही. माझं कोणी नाही तिथे."

आता यावर कोण काय म्हणणार? "करेन," मी म्हणालो. आणि खरंच करणार होतो. माझा एक चुलतभाऊ औषधांच्या धंद्यात होता, त्याला विचारता आलं असतं. तालायने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना.

"एजे, फोन लाव ना बेक्तुरला. त्याला सांगू दे मला."

"झोपलाय तो," सायरा एजे मागे न बघता म्हणाली. "उठवू नका म्हणालेत डॉक्टर."

"सकाळपासून झोपलाय?"

"पाहुण्याला विचार की काही," मुकाश मध्येच मोठ्याने म्हणाला. "घोडे असतात का रे तुमच्याकडे?"

मला हा प्रश्न जरा विचित्र वाटला. पण मी घोड्यांबद्दल जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. लग्नातले, टांग्याचे. तालाय सभ्यपणे ऐकत होता. ऐकताना त्याचा अंगठा माझ्या हातावर सारखा घासला जात होता.

कोचकोर आलं. मी "इथे" म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. बाजार गेला, शाळा गेली, शेवटची घरं मागे पडली.

"कोचकोर गेलं," मी जरा मोठ्याने म्हणालो.

"पुढे जेवू," मुकाश म्हणाला. "पाहुण्याला उपाशी उतरवत नाहीत."

"मला इथेच..."

"जेवू म्हणालो ना."

आरशात त्याचे डोळे दिसत होते, आणि ते रस्त्याकडे नव्हते, माझ्याकडे होते. खटका नसलेलं दार, अनोळखी तीन माणसं, पुढे सगळा ओसाड डोंगर. माझ्या सॅकमध्ये चोरण्यासारखं काही नव्हतं, पण ते यांना कुठे माहीत? एक चांगला ओरडणारा माणूस असता तर त्याने गाडी थांबवून घेतली असती. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत बसलो, आणि ते जुळेपर्यंत आम्ही घाटाच्या पायथ्याशी आलो होतो.

सारी-बुलाक नावाची ती जागा म्हणजे रस्त्याच्या दुतर्फा पत्र्याच्या टपऱ्या. वाफ निघणारी भांडी, मांसाचा वास. तालाय आणि त्याची बहीण आत जाऊन बसली. मुकाशने माझं दार बाहेरून उघडलं आणि दंडाला धरून मला टपऱ्यांच्या मागे नेलं. तिथे राखेचे ढीग होते आणि एक कुत्रं हाड चघळत होतं. मला वाटलं, आता सुरा निघतो.

त्याने सिगारेट काढली. पेटवली नाही.

"तुला भाषा येते म्हणून सरळ सांगतो," तो म्हणाला. "बेक्तुर मेला. परवा सकाळी."

मी हाड चघळणाऱ्या कुत्र्याकडे बघत राहिलो.

"घरी ठेवलाय. बापासाठी थांबलेत सगळे. उद्या माती."

"यांना माहीत नाही?"

"नाही. आणि रस्त्यात कळता कामा नये. लांबून येणाऱ्याला आमच्यात मरण असं फोनवर, गाडीत सांगत नाहीत. गावाच्या वेशीवर म्हातारे उभे असतील. ते त्याला उतरवून घेतील, सगळ्या बाजूंनी धरतील आणि मग सांगतील. सांगताना माणसाला धरायला माणसं लागतात. इथे मी एकटा, तोही स्टिअरिंगवर. घाटात त्याने दार उघडलं तर?" सिगारेट त्याच्या बोटांत मोडली. "विमानतळापासून तो एकच विचारत होता. बेक्तुर कसा आहे, बेक्तुरला फोन लावा. मग एजे म्हणाली, कोणीतरी परका घ्या गाडीत. पाहुण्यासमोर माणूस घरातलं दुखणं काढत नाही. तू दिसलास. तू भारतातला निघशील हे आम्हाला काय माहीत?"

आयुष्यात फार कमी वेळा मी विचारायचं ते विचारतो. तेव्हा विचारलं. "मग आता?"

"आता तो तुझ्यामुळेच शांत बसलाय. वेशीपर्यंत चल. दिल्लीबद्दल बोलत राहा. सांगायचं काम म्हाताऱ्यांचं."

मी गप्प राहिलो. माझं गप्प राहणं लोक आयुष्यभर होकार म्हणून घेत आलेत. त्यानेही घेतलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो तोंड धुवायला गेला.

राखेपाशी उभा राहून मला मामा आठवला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला पुण्यात होतो, तेव्हा तो एका सकाळी जीप घेऊन होस्टेलवर आला. "दाजींची तब्येत जरा जास्त आहे, चल." काडीसुद्धा दुसऱ्याच्या पेटीतली ओढणारा माझा मामा, त्याने टेंभुर्णीला गाडी थांबवून मला न मागता उसाचा रस पाजला, वर दुसरा ग्लास घेतोस का विचारलं. तिथेच मला कळलं, बाबा गेले. पण मामा इतका मन लावून बोलत होता, सोलापूरचा डॉक्टर, नवीन इंजेक्शन, की मला त्याला मध्ये तोडता येईना. बार्शी येईपर्यंत मी हं, हं करत राहिलो. त्या ग्लासाबद्दल मी मामाला अजूनही माफ केलेलं नाही. आणि तरीही टपरीच्या मागून पुढे येताना मला दुसरं काही सुचलं नाही. आपल्याकडे हेच करतात, यांच्याकडेही हेच करतात. मग हेच बरोबर असणार.

आत तालायने ताटलीतला मांसाचा चांगला तुकडा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता.

"खा," तो म्हणाला. "बारीक आहेस. बेक्तुरसारखा."

मी खाल्ला. प्रत्येक घास चावून गिळला.

घाट चढायला लागलो आणि मी बोलायला लागलो. हॉस्पिटल मोठं आहे, पांढरं आहे, मी म्हणालो. खाली बाग आहे. रशियन बोलणारी माणसं मुद्दाम ठेवलेली असतात. तालाय विचारत होता आणि मी सांगत होतो.

"बापाला मुलाच्या खोलीत झोपू देतात?"

"देतात. शेजारी कॉट टाकतात."

"आणि ऑपरेशन? दोघांचं एकदम?"

"एकदम. शेजारी-शेजारी."

"तो घाबरेल. इंजेक्शनलासुद्धा घाबरतो. घोड्याला घाबरत नाही, सुईला घाबरतो."

"भूल देईपर्यंत तुम्ही त्याचा हात धरू शकता."

"देतात धरू?"

"देतात."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर उतारावर पहिलं बर्फ भुरभुरलेलं होतं. मग त्याने जरा लाजतच विचारलं, "नंतर घोड्यावर बसता येईल का त्याला?"

"वर्षभराने."

"बाइके, ऐकलंस? वर्षभराने घोडा!"

मुकाशने काचेवर हात फिरवला. काच बाहेरून ओली होती, आतून कोरडी. सायरा एजेला खोकल्याची उबळ आली आणि ती रुमालात तोंड घालून खूप वेळ खोकत राहिली.

मी आयुष्यात सलग इतका कधी बोललो नव्हतो. आणि खरं सांगायचं तर मला हुरूप येत होता. माझ्या तोंडाकडे असं टक लावून आजवर कोणी पाहिलं नव्हतं. बागेत आंब्याची झाडं आहेत म्हणालो. पलीकडच्या खोलीत उझबेक मुलगा असतो, त्याच्याशी बेक्तुरची गट्टी जमेल म्हणालो. कुठून सुचत होतं कोणास ठाऊक. तालाय मध्येच डोळे मिटून घ्यायचा, ओठ हलवत माझे शब्द स्वतःशी म्हणायचा, आणि तेव्हा मला गाडीतून उडी मारावीशी वाटायची. पण दाराला खटका नव्हता.

खिंडीच्या माथ्यावर त्याने हात पुढे केला. "तुझा फोन दे. माझं कार्ड इथे चालत नाही. एकदा आवाज ऐकतो त्याचा. एजेला कशाला सारखं सांगायचं?"

आरशात मुकाशचे डोळे आले.

"बॅटरी संपली," मी म्हणालो.

तालायने लगेच मान डोलावली. शंका नाही, काही नाही. मॉस्कोत दहा वर्षं राबलेला माणूस, त्याने माझ्यावर असा विश्वास ठेवला. खिशातला फोन बंद करावा हे मला सुचलंच नाही. खोटं बोलण्याची सवय नसली की असं होतं.

नारिन शहर आलं. मुकाशने गाडी हळू केली नाही.

"दवाखाना डावीकडे आहे," तालाय म्हणाला.

"घरी आणलंय त्याला," सायरा एजे म्हणाली. "घरी बरं वाटतं म्हणतो."

"घरी? मशीन कुठे आहे घरी?"

शहरातला पूल गेला, नदी गेली.

"आठवड्यातून तीनदा मशीन लागतं त्याला. बाइके? घरी कसा आणला?"

मुकाशच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती. तालाय माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

"तू सांग. मशीनशिवाय चालतं?"

मला मेडिकलचं ओ का ठो कळत नाही. "औषधं असतात," मी म्हणालो. "नवीन निघालीत. मशीन लागत नाही काही दिवस."

"भारतात?"

"भारतात."

"आणि इथे आली असतील ती?"

"आली असतील."

तो मागे टेकला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आली असतील." पण या वेळी माझा हात त्याने धरला नाही. स्वतःचेच हात मांडीवर ठेवून तो पेरांतला चुना उकरत बसला.

आणखी एक लहान खिंड ओलांडून आम्ही रुंद खोऱ्यात उतरलो. ऊन डोंगराच्या शेंड्यांवर गेलं होतं. मुकाश म्हणाला, "आलंच." दूर, रस्ता जिथे गावाकडे वळत होता तिथे, मला माणसं दिसली. पांढऱ्या उंच टोप्या घातलेले म्हातारे, रस्त्याच्या कडेला ओळीने उभे. तालायची नजर खाली होती, त्याला अजून दिसले नव्हते. मी मनात म्हणालो, सुटलो. आता यांचं काम.

आणि माझा फोन वाजला.

तालायच्या बाजूच्या खिशात होता तो. कर्कश वाजत राहिला. मला तो बंद करायचं भान राहिलं नाही. तालायने शांतपणे माझ्या खिशात हात घातला, फोन बाहेर काढला आणि उजळलेल्या पडद्याकडे पाहत राहिला. त्यावरचं मराठी अक्षर त्याला वाचता येत नव्हतं.

"वाजतोय," तो म्हणाला. मग, "कोण आहे?"

"आई."

"घे. आईला ताटकळत ठेवू नये."

त्याने फोन माझ्या हातात दिला आणि मी तो कानाला लावला.

"शिरीष? अरे, जेवलास का?" आई म्हणाली. "कालपासून फोन नाही. आज वसुमावशी आली होती, तुझी चौकशी करत होती. थंडी आहे का रे तिकडे? बोलत का नाहीस?"

"जेवलो आई," मी म्हणालो. गाडीत दुसरा कसलाच आवाज नव्हता. "नंतर करतो."

"बरा आहेस ना?"

"बरा आहे."

मी फोन ठेवला. तालाय समोर बघत होता. आता त्याला म्हातारे दिसले असणार.

"गाडी थांबव," तो म्हणाला.

"दोनच वळणं राहिली..." मुकाश म्हणाला.

"बाइके. थांबव."

मुकाशने गाडी थांबवली. तालाय त्याच्या बाजूच्या दाराने उतरला. मुकाश आणि सायरा एजे उतरली. मीही सरकत सरकत त्याच दाराने बाहेर आलो, का ते माहीत नाही. वारा जोरात होता.

"कधी?" तालायने विचारलं.

सायरा एजे तिथेच रस्त्यावर बसली आणि तिने रुमाल तोंडावर ओढून घेतला.

"परवा," मुकाश म्हणाला. "सकाळी."

पुढे ते म्हातारे गाडी अलीकडेच थांबलेली पाहून गडबडले. आधी ते चालायला लागले, मग पळायला लागले. जड बूट, लांब कोट, एका हाताने टोपी धरलेली. सत्तरीची, ऐंशीची माणसं धडपडत पळत येत होती. तालायला धरायला त्या वेळी कोणी नव्हतं. मुकाशने हात पुढे केला तो त्याने झटकला.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ओरडला नाही.

"हे माझे आहेत," तो म्हणाला. "यांना खोटं बोलणं भाग आहे. बापाशी असंच बोलतात. तू कोण?"

मी खाली पाहिलं.

"तुला कोणी सांगितलं होतं? आंब्याची झाडं कोणी सांगितली होती तुला?"

मला सांगता आलं असतं, की तुझ्या भावाने. तुमची रीत आहे म्हणून. आमचीही आहे म्हणून. सगळी वाक्यं जुळलेली होती, रशियनमध्ये, व्याकरणासकट. एकही तोंडातून बाहेर पडलं नाही.

तेवढ्यात म्हातारे पोचले. त्यांनी तालायला चारी बाजूंनी धरलं. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा इतका धापा टाकत होता की त्याला बोलता येईना, तरीही तो जे सांगायला वेशीवर उभा होता ते त्याने त्यांच्या भाषेत सांगितलंच, शेवटपर्यंत; अर्थ मला मागून मुकाशने सांगितला: "तालाय, जन्माला आला तो जाणार. देणाऱ्याने दिला होता, त्याने नेला. तुझा बेक्तुर गेला. कंबर बांध." तालायने मान खाली घालून ते सगळं ऐकून घेतलं, जणू त्याला ते आत्ताच कळत होतं. आणि म्हाताऱ्याचा शेवटचा शब्द संपल्यावर त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी इथे लिहू शकत नाही. 'बालाम, बालाम' म्हणत होता तो. माझ्या लेकरा. तसाच ओरडत, म्हाताऱ्यांच्या हातांवर रेलत तो गावात गेला. मागे गाडीचं दार उघडं होतं.

त्या रात्री मला त्यांच्याच अंगणातल्या एका खोलीत निजवलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सॅक पाठीला लावली. कोणाला न भेटता सटकावं हा माझा जन्मजात मार्ग. अंगणात सायरा एजे चुलीत लाकडं सारत होती. रात्रभर रडून तिचे डोळे मिटल्यासारखे झाले होते.

"ठेव ती," ती सॅककडे बोट करून म्हणाली. "घरात मढं असताना पाहुणा निघून जात नाही."

"ते मला इथे बघून..."

"बघू दे."

मी सॅक खाली ठेवली.

बायका कबरस्तानात जात नाहीत. पुरुष सगळे गेले, अख्खं खोरं लोटलं होतं. टेकडीवर मातीच्या विटांच्या घुमट्या, त्यांच्यापलीकडे नवा खड्डा. मी सगळ्यांच्या मागे, एका घुमटीच्या आडोशाला उभा राहिलो. कमरेला कापड बांधलेला तालाय पुढे होता. तो रात्रीत वाकला होता. मुलाला खाली उतरवताना त्याने हात धरला की नाही ते मला एवढ्या लांबून दिसलं नाही.

मग माती. पहिली बापाने टाकली. तिथे फावडं हातातून हातात देत नाहीत. मरण हातोहात पुढे जातं म्हणतात. माती टाकणारा फावडं जमिनीवर टाकतो, पुढचा ते उचलतो. तालायने टाकलं, मुकाशने उचललं. मुकाशने टाकलं, म्हाताऱ्याने उचललं. चुलते, मावसभाऊ, शेजारी. कोणाला पुढे हो म्हणावं लागत नव्हतं.

म्हाताऱ्यानंतरच्या कोणीतरी टाकलेलं फावडं मध्येच तालायने पुन्हा उचललं. लोकांना वाटलं, त्याला आणखी माती टाकायची असेल. ते बाजूला झाले. पण तो खड्ड्याकडे पाठ करून गर्दीतून चालत मागे आला आणि ते फावडं त्याने माझ्या बुटांपुढे टाकलं.

मी सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"माझ्या माणसासारखा खोटं बोललास ना माझ्याशी," तो म्हणाला. आवाज पूर्ण बसला होता. "मग माझ्या माणसासारखी माती दे त्याला."

मी फावडं उचललं. लोकांनी वाट करून दिली. माती गोठलेली होती, ढेकळं निघत होती. मी फावडंभर माती टाकली आणि रीतीप्रमाणे फावडं खाली टाकायला वाकलो.

"अजून," तो म्हणाला.

मी अजून टाकली. पुन्हा वाकलो, पुन्हा तो तेच म्हणाला. मुकाश पुढे आला, फावड्यासाठी त्याने हात केला, तर तालायने त्याला छातीवर हात लावून मागे सारलं. माझ्या हातांची सालं निघायला लागली. नुसता मातीचा आवाज येत होता आणि माझ्या श्वासाचा. तालाय माझ्या अगदी शेजारी उभा होता, आणि खड्डा भरेपर्यंत त्याने ते फावडं दुसऱ्या कोणाला उचलू दिलं नाही.